मोटरही जुनी, बॅटरीही जुनी
१९३४ साली अमेरिकेतल्या फार्गोमध्ये ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लवचीक दांडा नि पंखा जोडला. लहान बोट हळू चालवणाऱ्या 'मिन कोटा' ट्रोलिंग मोटरचा जन्म तो. म्हणजे मूळ मोटरच सेकंडहँड! बॅटऱ्या चार्ज करण्यात हयात गेलेल्या मला याचं भारी कौतुक. पण गाडीची जुनी बॅटरी बोटीला मानवत नाही. तिच्या प्लेटा पातळ, क्षणभर जोर लावणाऱ्या. मोटर तासन्‌तास करंट ओढते. तरी कुणी आणलीच, तर आधी बुचं उघडायची, प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घालायचं, मग सावकाश चार्जिंग. शेवटी हायड्रोमीटरने सहाही घरांतलं अ‍ॅसिड ओढून त्याची घनता बघायची. पाच घरांत १.२६० आणि एकात १.१५० दिसलं, की सरळ भंगारात. गिऱ्हाईक कितीही गयावया करो.