कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीचे अध्यापन

दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. कर्तरी, कर्मणी व भावे ही प्रयोगांची त्रयी मराठी व्याकरणाने संस्कृतातून घेतली. पुढे शाळांतून इंग्रजी व्याकरण शिकविताना ‘पॅसिव्ह व्हॉइस’ला ‘कर्मणी प्रयोग’ हाच प्रतिशब्द रूढ झाला. नाव सोयीचे होते. परंतु त्याने एक घोटाळाही निर्माण केला.

‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य मराठीत कर्मणी होय; कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. त्याचे मूळ संस्कृतातील ‘रामेण आम्रं खादितम्’ यासारख्या कर्मवाचक भूतकालीन धातुसाधितात आहे. तथापि कालांतराने मराठीत ते भूतकाळी सांगण्याची सर्वसामान्य रीत बनले. त्याचा सरळ इंग्रजी अनुवाद ‘राम एट द मँगो’ असाच, म्हणजे कर्तरी होतो. ‘रामाने रावणास मारले’ हे वाक्य तर भावे प्रयोगाचे. त्याचाही अनुवाद कर्तरीच. अर्थात ‘कर्मणी’ हे रूपाचे नाव आहे, तर ‘पॅसिव्ह’मध्ये रूपाबरोबर वक्त्याचा दृष्टिकोनही बदलतो. इंग्रजी पॅसिव्हला जवळचे मराठी रूप शोधावयाचे तर ते ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ यासारख्या ‘नवीन कर्मणी’त सापडते.

इंग्रजी व्याकरणाची परंपराही या बाबतीत निर्दोष नव्हती. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लिंडले मरे यांच्या व्याकरणात क्रियापदांचे अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह व न्यूटर असे वर्ग आहेत. हा साचा लॅटिनचा. लॅटिनमध्ये ‘आमोर’ या एकाच शब्दात पॅसिव्ह सामावतो. इंग्रजीस साहाय्यक क्रियापद लागते. भारतातील शाळांत मात्र कर्तरी वाक्य उलटवून ‘बाय’ जोडण्याचा अभ्यासच प्रमुख ठरला.

ऑटो येस्पर्सन यांनी १९३३ सालच्या ‘एसेन्शियल्स ऑफ इंग्लिश ग्रामर’मध्ये दाखविले की, बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. कर्ता अज्ञात, अनावश्यक वा अनुल्लेखनीय असतो, म्हणूनच हे रूप योजले जाते. ‘द थीफ वॉज अरेस्टेड’ यात पकडणारा कोण हे सांगावयाचे नसते. मराठीत ‘चोराला पकडले’ एवढ्यानेच ते काम भागते.

वाक्य उलटविणे हे पॅसिव्हचे प्रयोजन नव्हे, रचनेची केवळ कसरत आहे. प्रयोजन आधी व रूप नंतर, हा क्रम स्वीकारला, तर ‘कर्मणी’ या शब्दाने निर्माण केलेला घोटाळा विद्यार्थ्याच्या वाटेतून दूर होईल.