माईकच्या वायरीतली दुसरी तार

मंडळी, मध्यंतरी भाच्याने विचारलं, "मामा, जन्मभर इतिहास शिकवलात आणि आता डाख लावत बसता होय?" तेव्हा नुसता हसलो. आज जरा सविस्तर उत्तर देतो, कारण या डाखाच्या कामातही इतिहासच आहे.

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी माईकच्या वायरी मी घरी बनवतो. माईकमधून जो वीजदाब निघतो तो एखाददुसऱ्या मिलिव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा. आणि हॉलच्या भिंतींतून धावणारी वीज २३० व्होल्टची! पंधरा मीटरची वायर त्या विजेच्या शेजारून जाते, तेव्हा तिची गुरगुर वायरीत शिरणारच.

हेच दुखणं सुरुवातीच्या काळात टेलिफोनला होतं. ग्रॅहॅम बेल मूळचे कर्णबधिर मुलांचे शिक्षक (म्हणजे आमच्याच जातकुळीतले!). त्यांनी १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या लाइनी तारायंत्रासारख्या एकाच तारेच्या असत. परतीची वाट जमिनीतून. पुढे शहरांत विजेचे दिवे आले, ट्रॅम आल्या, आणि त्यांची खरखर लोकांच्या कानात येऊ लागली. उपाय सापडला तो दोन तारांचा. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांचं पेटंट बेल यांनीच १८८१ मध्ये घेतलं.

यात गणित काय? फळ्यावर मांडतो तसं मांडतो. आवाज एका तारेत +३ आणि दुसरीत −३ असा पाठवायचा. वाटेत गुरगुर मिसळली १०, ती दोन्ही तारांत सारखीच. झाले १३ आणि ७. पलीकडच्या टोकाला वजाबाकी करा : ६. गुरगुर नाहीशी, आवाज शिल्लक. पीळ एवढ्यासाठी, की दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव सारखा पडावा. वरून तांब्याची जाळी असते, ती आणखी एक कवच. याला 'बॅलन्स्ड' जोडणी म्हणतात.

आता टोकं. अ‍ॅम्प्लिफायरवर दिसणारी ती जाडी, पाव इंची (६.३५ मि.मी.) जॅक पिन टेलिफोन एक्स्चेंजमधूनच आली. १८७८च्या सुमारास ऑपरेटर अशीच पिन खुपसून एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देत. माईकच्या टोकाला असतो तो तीन पिनांचा एक्सएलआर. जेम्स कॅनन यांनी १९१५ मध्ये लॉस एंजेलिसला काढलेल्या कंपनीचं हे अपत्य. आधी 'एक्स' मालिका, मग ओढल्यावर सुटू नये म्हणून खटका आला तो 'एल', आणि आत रबर आलं तो 'आर'. जुने साऊंडवाले त्याला 'कॅनन' म्हणतात तो याच नात्याने. कॅमेऱ्याच्या कॅननशी त्याचा संबंध नाही.

पिन १ जाळीची, २ आणि ३ आवाजाच्या. यातली मुख्य कुठली, २ की ३? यावर बरीच वर्षं एकमत नव्हतं. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२ च्या मानकात २ ठरवली. एका टेबलावर दोन माईक असले आणि एकाच्या वायरीत हे उलटं जोडलं गेलं, तर दोघांचे आवाज एकमेकांना खातात.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच. आमच्याकडे एका वर्षी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई पहिल्यांदाच व्यासपीठावर बोलायला उभ्या राहिल्या. आवाज मुळात बारीक. भाड्याने आणलेली माईकची वायर एकाच तारेची होती. आवाज वाढवला की गुरगुर वाढे, कमी केला की मागचे ओरडत, "ऐकू येत नाही!" दहा मिनिटांत त्या "माझं झालं" म्हणून खाली बसल्या. झालं नव्हतं. दमदार आवाजाचा वक्ता अशा वायरीवरही निभावून नेतो. मार बसतो तो हळू बोलणाऱ्याला.

त्या आठवड्यात मी पुण्याला पासोड्या विठोबापाशी गेलो. दुकानात 'माईक वायर' एवढंच मागितलं तर बहुधा एका तारेची हातात पडते. 'टू कोअर शील्डेड' असं स्पष्ट सांगावं. जाळी विणलेली असावी. पन्नीचं कवच भिंतीत कायम बसवायला उत्तम, पण रोज गुंडाळायच्या वायरीत ते तडकतं. प्लग स्क्रूने उघडणारा किंवा फिरवून उघडणारा घ्यावा, आणि मागे केबलला आवळून धरणारी पकड हवीच, नाहीतर सगळा ताण डाखावर येतो. साखळीबंद ओतीव प्लग तुटला की फेकूनच द्यावा लागतो.

अवजारं चारच : २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, कटर, तार सोलायचा स्ट्रिपर आणि मल्टीमीटर. डाखाची तार ६३/३७ ची मिळाली तर बघा. ६३ भाग कथील, ३७ भाग शिसं, १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. (शिसं आहे, काम झाल्यावर हात स्वच्छ धुवा. खिडकी उघडी ठेवा.)

एक मात्र पाहावं. वायर दोन तारांची घेतली, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला साधी मोनो जॅक पिन लावली, तर दुसरी तार तिथे जाळीलाच जोडावी लागते आणि वजाबाकी होतच नाही. शेवटच्या दोन इंचांत १८८१ च्या मागे जातो आपण! अ‍ॅम्प्लिफायरला एक्सएलआरचं भोक आहे का, ते विकत घेतानाच विचारा.

नातवंडं म्हणतात, आता सगळं वायरलेस आहे आजोबा. असू दे. त्या वायरलेसच्या डब्यापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत शेवटी वायरच जाते.

असो. तुमच्या मंडळात, शाळेत कुणी वायरी बनवत असेल तर जरूर कळवा. आणि पुढच्या कार्यक्रमाआधी एकदा प्लग उघडून तारा मोजा. जाळी सोडून दोन भरल्या पाहिजेत.