बारगीर, रयत आणि जबाबदारी



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख दरवर्षी मजकडून मागितला जातो. मॅट्रिक होऊन आयुष्यभर शाळेत खडू झिजविलेल्या माणसास हा मान थोडा नव्हे. काही वर्षांपूर्वी याच पृष्ठांवर नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांविषयी मी एक लेख लिहिला होता. मराठ्यांचे घोडे भागीरथीचे पाणी प्याले, हे त्यात मोठ्या अभिमानाने सांगितले होते. त्या भागीरथीच्या काठी राहणाऱ्या माणसांचे काय झाले, याविषयी मात्र त्यात एक ओळही नव्हती. ती उणीव भरून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उणीव दाखवून दिली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. तिचे वडील बंगाली, नोकरीनिमित्त नागपुरास स्थायिक झालेले. तिचे मराठी आपल्या मुलांइतकेच स्वच्छ. लेख वाचून ती घरी आली, नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, आमची आजी आम्हांला निजवताना गाण्यातून ज्या बर्ग्यांचे भय घालीत असे, ते हेच का हो?" मी "होय" म्हटले. पुढे काय बोलावे ते मला सुचेना.

'बर्गी' हा शब्द आपल्या 'बारगीर' शब्दापासून झाला. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्यास घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. शिपाईगिरीतील हे साधे नाव बंगालच्या घराघरांत लेकरांना भिवविण्याचा शब्द होऊन बसले. असे का झाले, याचा विचार आपण केला पाहिजे.

इ. स. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालवर चालून गेले. नबाब अलिवर्दीखान याची फौज त्यांनी वर्धमानजवळ कोंडली आणि पुढे राजधानी मुर्शिदाबादेवरही हात मारला. कलकत्त्याच्या इंग्रजांनी व तेथील रहिवाशांनी भयाने शहराभोवती खंदक खणण्यास प्रारंभ केला; तो 'मराठा खंदक' म्हणूनच प्रसिद्ध आहे. येथवर आपल्या अभिमानास बाध येत नाही. परंतु त्याच काळातील गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' नामक काव्य उपलब्ध आहे. पोथ्या घेऊन पळणारे पंडित, तराजू घेऊन पळणारे सोनार, वाटेत अडविलेल्या स्त्रिया, पेटविलेली गावे आणि पैसा न मिळाल्यामुळे छळ करून मारलेली माणसे, हे सर्व त्यात वर्णिलेले आहे. वर्धमानच्या राजाच्या पदरी असलेले बाणेश्वर विद्यालंकार यांनी 'चित्रचंपू' या संस्कृत ग्रंथात याच सैन्याने गर्भवती स्त्रिया, बालके, ब्राह्मण व दीनदुबळे यांचीही गय केली नाही असे नमूद केले आहे.

हे शत्रुपक्षाचे लिखाण, सबब ते खोटे, असे कोणी म्हणेल. मीही पूर्वी असेच म्हणत असे. परंतु गंगाराम हा मराठ्यांचा जन्मवैरी नव्हता. त्याच्या काव्यात पृथ्वीवर पापाचा भार वाढला म्हणून देवच मराठ्यांना शासन करण्यास पाठवितो. पुढे हे शासनकर्तेच गोरगरीब, स्त्रिया व ब्राह्मण यांचा घात करू लागतात, तेव्हा देवी त्यांच्यावर कोपते आणि पक्ष बदलते. सारांश, त्या कवीने मराठ्यांना प्रथम न्याय्य कार्याचे धनी मानले होते. त्याचा कोप स्वारीवर नव्हता, निःशस्त्रांवर उगारलेल्या हातावर होता.

आता याच्या पूर्वीचा एक कागद पाहू. राज्याभिषेकापूर्वी शिवछत्रपतींनी चिपळूण परगण्यात छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस एक पत्र धाडले. त्यातील आशय असा: पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा व वैरण बेहिशेबी उधळाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा ओढून आणाल. कुणबी घरे सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट असे त्यांस वाटेल. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणावे. ज्याच्याकडून अपराध होईल त्याची इज्जत राहणार नाही आणि चाकरीही राहणार नाही.

हा इतिहासाचा पाठ मी वर्गात अनेक वर्षे शिकविला. मुलांकडून 'रयतेचे राजे' हे शब्द पाठ करून घेतले. परंतु पत्र कोणास लिहिले आहे, इकडे माझे लक्षच गेले नव्हते. ते अधिकाऱ्यांस लिहिले आहे. शिपाई रयतेच्या अंगणात घुसतो त्याच्या कितीतरी आधी कोणीतरी वरिष्ठाने पुरवठ्याचा हिशेब चुकविलेला असतो, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून पहिली जबाबदारी अधिकाऱ्याची. तथापि अपराध करणाऱ्याची इज्जत व चाकरी जाईल असे बजावून त्यांनी शिपायासही मोकळे सोडले नाही. स्वराज्याचा इतिहास सर्वस्वी निष्कलंक होता असे मला म्हणावयाचे नाही. १६६४ व १६७० साली सुरत लुटली गेली, तेव्हा तेथील रहिवाशांचे हाल झाल्याची नोंद इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. तरीपण नियम होता, लेखी होता, आणि तो आपल्याच लष्करावर होता.

बंगालमध्ये हाच नियम सुटला. पुढे भास्करराम व त्यांचे सरदार यांना १७४४ साली अलिवर्दीने भेटीस बोलावून दग्याने ठार केले. हा सूड होता. यास न्याय म्हणता येत नाही. १७५१ साली तह झाला. ओरिसाचा वसूल आणि सालीना बारा लक्ष रुपये चौथाई ठरली. रकमेचा हिशेब झाला. जळालेल्या गावांचा हिशेब कोणी मागितला नाही. बारगिराचा घोडा सरकारचा होता. मग त्या घोड्याच्या टापांखाली जे तुडविले गेले, त्याचे उत्तरदायित्व सरकारवर नाही काय?

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, शिपाई हुकुमाचा बंदा. दुसरा, युद्धाच्या धुंदीत विवेक कोठून राहणार? तिसरा, आपल्याच सैनिकांना जाब विचारला तर त्यांचे धैर्य खचेल.

पहिल्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने दिले. न्यूरेंबर्ग येथील न्यायालयाच्या सनदेत असे ठरले की, वरिष्ठाचा हुकूम दाखवून आरोपीस सुटता येणार नाही. फार तर शिक्षेत सौम्यता मिळेल. परंतु तेथे जेते न्यायाधीश होते आणि पराभूत आरोपी. टोकियोच्या खटल्यात आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे भिन्न निकालपत्र दिले. जपानी सैन्याने अत्याचार केले, हे त्यांनी नाकारले नाही. केवळ जेत्यांनी केलेल्या न्यायाविषयी त्यांस शंका होती. ती शंका रास्त मानली, तर निष्कर्ष एकच निघतो: प्रत्येक राष्ट्राने आपल्या सैनिकांचा न्याय स्वतः करावा.

असा एक प्रसंग अमेरिकेवर आला. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाई येथे अमेरिकन तुकडीने निःशस्त्र ग्रामस्थांची कत्तल केली. बहुतेक मृत म्हातारेकोतारे, स्त्रिया व मुले होती. अमेरिकन तपासाप्रमाणे ती संख्या ३४७ होती. व्हिएतनामी गणतीप्रमाणे ५०४. हे प्रकरण वर्षाहून अधिक काळ दडपले गेले. अखेर अनेकांवर ठपका आला. दोषी ठरला एकटा लेफ्टनंट विल्यम कॅली. २२ जणांच्या हत्येबद्दल १९७१ मध्ये त्यास जन्मठेप झाली. शिक्षा पुढे कमी होत गेली आणि सुमारे साडेतीन वर्षे, बहुतांशी घरीच नजरकैदेत काढून, तो १९७४ मध्ये सुटला. त्याचा वरिष्ठ कॅप्टन मेडिना निर्दोष ठरला. इतक्या मृतांपुढे हा न्याय फारच तोकडा. तरी त्या राष्ट्राच्या स्वतःच्या दप्तरात तो गुन्हा गुन्हा म्हणून नोंदला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

उरलेल्या दोन आक्षेपांचे उत्तरही त्याच गावात सापडते. ह्यू थॉम्प्सन नावाचा तरुण अमेरिकन वैमानिक त्या दिवशी हेलिकॉप्टर घेऊन वर घिरट्या घालीत होता. खाली काय चालले आहे हे पाहताच त्याने आपले हेलिकॉप्टर ग्रामस्थ व आपलेच शिपाई यांच्या मध्ये उतरविले. आपले लोक या माणसांवर गोळी झाडतील तर तुम्ही त्यांच्यावर झाडा, असे आपल्या दोघा साथीदारांस सांगून त्याने काही जीव वाचविले. युद्ध तेच, गणवेश तोच. मग त्याचा विवेक कसा राहिला? विवेक राहू शकतो, म्हणूनच तो न राखणाऱ्यास जाब विचारता येतो. त्यास प्रथम स्वकीयांकडून निंदाच मिळाली. गौरवाचे पदक १९९८ साली, तीस वर्षांनी मिळाले. अपराध्यास पाठीशी घातल्याने सैन्याचे धैर्य वाढत नाही. त्याने थॉम्प्सनसारख्यांचे धैर्य मात्र खचते.

आपल्या देशाने १९४९ चे जिनेव्हा करार मान्य केले असून त्यांच्या भंगाबद्दल शिक्षा देणारा कायदा १९६० साली केला आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत मुलगे आज सैन्यात आहेत. माझ्या भगिनीचा नातूही आहे. त्यांचा आम्हांस अभिमान आहे, आणि म्हणूनच हे लिहिले. त्यांच्या नावाने कोणा परक्या आजीने लेकराला भिववू नये, एवढीच इच्छा.

मंडळाच्या चालकांना एक नम्र सूचना आहे. सैन्यात दाखल होणाऱ्या आपल्या तरुणांचा वार्षिक मेळाव्यात शाल व श्रीफळ देऊन सत्कार होतो. त्यासोबत महाराजांच्या त्या चिपळूणच्या पत्राची एक प्रत प्रत्येकास द्यावी. छपाईचा खर्च मी आनंदाने सोसेन. माझा पूर्वीचा लेख ज्यांनी जपून ठेवला असेल, त्यांनी त्याच्या शेजारी हाही ठेवावा. ती विद्यार्थिनी यंदाच्या मेळाव्यास येणार आहे. तिच्या प्रश्नास त्या दिवशी जे उत्तर मला देता आले नाही, ते या पृष्ठांवर तिच्या हाती देत आहे.