प्रकाशध्वनिक प्रतिमादर्शन, स्पर्शरहित

प्रकाशाच्या स्पंदाने ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) ध्वनितरंग निर्माण करून त्यांवरून रक्तवाहिन्यांची प्रतिमा मिळविण्याच्या पद्धतीस प्रकाशध्वनिक प्रतिमादर्शन म्हणतात. शरीराला स्पर्श न करता हे तरंग प्रकाशानेच टिपण्याच्या पद्धती एकविसाव्या शतकात विकसित झाल्या.

मूळ परिणामाचा शोध अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्ये लावला. खाचा असलेल्या फिरत्या तबकडीने खंडित केलेला सूर्यप्रकाश पदार्थांच्या पातळ चकत्यांवर पडला असता ध्वनी ऐकू येतो, असे त्यांना व चार्ल्स समनर टेंटर यांना आढळले. पुढील वर्षी जॉन टिंडल व व्हिल्हेल्म राँटगेन यांनी वायूंवर असेच प्रयोग केले. तथापि प्रखर प्रकाश-उद्‌गम व संवेदनशील मापनसाधने यांच्या अभावी हा शोध दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर त्याला नवी चालना मिळाली.

रक्तातील हीमोग्लोबिन दृश्य प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते. काही नॅनोसेकंदांच्या लेसर स्पंदाने रक्ताचे तापमान अंशाच्या काही सहस्रांशांनी वाढते, ते प्रसरण पावते व दाबतरंग उत्पन्न होतो. ऊतकात ध्वनी प्रकाशापेक्षा पुष्कळच कमी विखुरला जात असल्याने खोलवरच्या वाहिन्यांच्याही सुस्पष्ट प्रतिमा मिळतात. २००३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठातील लिहाँग वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराची कवटी न उघडता त्याच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या प्रतिमा मिळविल्या.

मात्र त्वचा व हवा यांच्या सीमेवर सु. ९९·९% ध्वनिऊर्जा परावर्तित होते. म्हणून अभिज्ञातक (तरंग ओळखणारे साधन) व त्वचा यांच्यामध्ये पाणी किंवा जेल ठेवावे लागते. भाजल्याची जखम, डोळा किंवा शस्त्रक्रियेत उघडा केलेला मेंदू यांच्या बाबतीत असा स्पर्श अनिष्ट ठरतो.

या अडचणीवर दोन मार्ग निघाले. पहिल्यात दाबतरंगाने पृष्ठभागाचे होणारे नॅनोमीटर किंवा त्याहून अल्प विस्थापन व्यतिकरणमापकाने मोजतात. कॅनडात २०१२ मध्ये ऊतकांवर असे प्रतिमादर्शन करून दाखविण्यात आले. दुसऱ्यात वेगळा लेसर किरण वाहिनीवरच केंद्रित करतात. दाबामुळे तेथील प्रणमनांक क्षणभर बदलतो व परावर्तित प्रकाशाच्या तीव्रतेत फरक पडतो. अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी ही पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध केली व तिने उंदराच्या कानातील केशवाहिन्यांच्या प्रतिमा घेतल्या.

त्वचेचा खडबडीतपणा व श्वसनाने होणारी हालचाल यांमुळे पहिल्या पद्धतीत मापन अवघड होते. दुसरी पद्धत प्रकाश जेथवर केंद्रित करता येतो तेवढ्याच खोलीपर्यंत उपयोगी पडते. त्यामुळे खोलवरच्या वाहिन्यांसाठी स्पर्शयुक्त अभिज्ञातकच अधिक प्रभावी ठरतात, तर जेथे स्पर्शच वर्ज्य आहे तेथे या पद्धतींचे खरे महत्त्व आहे.