खाजगी पाणथळ जागांचे स्वेच्छा संवर्धन

खाजगी पाणथळ जागांचे स्वेच्छा संवर्धन म्हणजे खाजण, खारफुटीचे वन, दलदल किंवा तळे अशी खाजगी मालकीची पाणथळ जमीन मालकाने कायद्याच्या सक्तीविना, स्वतःच्या निर्णयाने नैसर्गिक स्थितीत राखणे होय. महाराष्ट्रातील याचे सर्वांत परिचित उदाहरण मुंबईत विक्रोळी येथे ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर आहे. गोदरेज समूहाच्या जमिनीवरील हे कांदळवन सुमारे १,७५० एकर (अंदाजे ७०० हेक्टर) क्षेत्रावर पसरलेले आहे. पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरही खाजगी मालकीच्या खाजण व खारजमिनी पुष्कळ आहेत. मात्र तेथील प्रश्न विक्रोळीपेक्षा वेगळे आहेत.

विक्रोळीचे कांदळवन

विक्रोळीची जमीन १८३० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीकडून फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे आली. पुढे १९४० च्या दशकात उद्योगपती पिरोजशा गोदरेज यांनी ती लिलावात विकत घेतली. तेथे कारखाने आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. खाडीकडची सखल, भरतीच्या पाण्याखाली जाणारी बाजू मात्र भराव न घालता तशीच ठेवण्यात आली. मुंबईच्या इतर भागांत याच काळात खाजणे बुजवून नगरे वसत होती, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे वेगळेपण कळते.

पिरोजशांचे पुत्र सोहराबजी गोदरेज यांना निसर्गसंवर्धनात विशेष रस होता. १९८५ मध्ये सूनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिस्थितिकी केंद्राची स्थापना झाली आणि संशोधन, संवर्धन व लोकजागृती ही त्रिसूत्री ठरली. रोपवाटिका, रोपलागवड, पक्षी व फुलपाखरांच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शित फेऱ्या ही कामे तेथे चालतात. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी या परिसरात नोंदवले गेले आहेत. ठाणे खाडीतील खारफुटीत तिवराचे प्राबल्य आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. त्यांच्यावर राडारोडा पडला की झाड गुदमरते. त्यामुळे अशा वनाची राखण करणे म्हणजे केवळ वृक्षतोड थांबवणे नव्हे. भरती-ओहोटीचे पाणी आत येण्या-जाण्याचे मार्ग मोकळे ठेवणे हे तितकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे काम असते.

काळाचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली, तर केंद्र त्यापूर्वी सहा वर्षे सुरू झाले होते. खऱ्या अर्थाने स्वेच्छेचा म्हणता येईल असा काळ हाच.

मालकी आणि तिच्या मर्यादा

जमीन खाजगी असल्याने ती राखली गेली, पण खाजगी मालकी हे कायमचे संरक्षण नाही. विक्रोळीतील जमिनीच्या मालकीबाबत राज्य शासनाने १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी समूहाच्या विक्रोळीतील जमिनीपैकी ३९,२५२ चौरस मीटर जमीन संपादित करण्यास कंपनीने आव्हान दिले होते; उच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०२३ रोजी ती याचिका फेटाळली. एप्रिल २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबाने व्यवसायांची विभागणी जाहीर केली, तेव्हा विक्रोळीची जमीन जमशेद गोदरेज यांच्या गटाकडे राहिली. मालकाची पिढी बदलली तरी निर्णय टिकेल याची हमी मालकी हक्कात नसते.

वनाविषयीच्या कायद्यांनी मालकांच्या मनात धास्तीही निर्माण केली. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. विक्रोळीतील काही जमिनीला १९५० च्या दशकातील एका नोटिशीच्या आधारे हा कायदा लावण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी केवळ अशी जुनी नोटीस पुरेशी नाही, असा निर्णय दिला. झाडी राखणारा मालकच जमीन गमावू शकतो, अशी शंका असताना स्वेच्छेने पुढे येणारे थोडेच असणार.

कायदेशीर चौकट

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल दिला. जमिनीची मालकी कोणाचीही असो, खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकाम करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. शासनाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. त्यामुळे खारफुटीपुरते संवर्धन आता मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिलेले नाही.

इतर पाणथळ जागांची स्थिती निराळी आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ मधील व्याख्येतून भातशेती आणि मिठागरे वगळलेली आहेत. खारफुटी नसलेल्या अशा खाजगी जमिनीवर पक्षी कितीही उतरत असले तरी या नियमांचे संरक्षण तिला मिळत नाही. मालकाची इच्छा असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६-क नुसार खाजगी वा सामुदायिक जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित होऊ शकते. मालकी बदलत नाही. जमिनीचा वापर मात्र व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांशिवाय बदलता येत नाही. पंजाबातील केशोपूर-मियानी ही पाणथळ जागा पंचायतींच्या जमिनीवरील असे क्षेत्र असून २०१९ मध्ये तिचा रामसर यादीत समावेश झाला. अमेरिकेत १९९० च्या शेती कायद्यापासून केंद्र शासन शेतकऱ्याला मोबदला देऊन त्याच्या पाणथळ जमिनीवरील विकासाचे हक्क विकत घेते. भारतात त्याच्या तोडीची मोबदल्याची व्यवस्था नाही.

पालघरची किनारपट्टी

पालघर तालुक्यात तारापूर औद्योगिक वसाहत, तिच्यालगतचे कुंभवलीसारखे गाव आणि पश्चिमेकडील नवापूर, दांडी, मुरबे ही मच्छीमार गावे एकाच पाण्याच्या वाटेने जोडलेली आहेत. वसाहतीतील सांडपाण्यामुळे खाडी व समुद्र प्रदूषित होत असल्याची तक्रार मच्छीमारांच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली. २०२२ मध्ये लवादाने तेथील उद्योगांवर भरपाई आकारली. खाजणाचा मालक आपल्या सीमेत काहीही करो, पाणी वरच्या अंगाला बिघडले तर त्याचा प्रयत्न अपुरा ठरतो.

दुसरा प्रश्न खारजमिनींचा आहे. बांध घालून आणि उघाडीतून पाणी सोडून समुद्राला अडवलेल्या या जमिनींवर खारे पाणी सोसणाऱ्या भाताची शेती होते. त्यांसाठी महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९ आहे. बांध फुटला आणि वेळीच दुरुस्त झाला नाही, तर भरतीबरोबर तिवराचे बी आत येते व काही वर्षांत शेताचे कांदळवन होते. मग तोडीवरील बंदी लागू होते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, पीक मात्र येत नाही. हे संवर्धन त्याने निवडलेले नसते. राज्याने २०१७ मध्ये सुरू केलेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन व निसर्ग पर्यटन यांना अनुदान मिळते. भाताची जागा यांतील एखादे उत्पन्न घेऊ शकले, तरच बांध पुन्हा घालण्याऐवजी तिवर राखणे अशा शेतकऱ्याला परवडते.