घट, दूरध्वनी आणि बोलते यंत्र

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतील बदल पाहून पाऊस-पिकाचे भाकीत सांगितले जाते. शास्त्राच्या कसोटीला ते उतरत नाही. तरीही विदर्भ-खानदेशातून माणसे येतात, कारण पेरावे की थांबावे या संभ्रमात कोणीतरी काही बोलावे अशी त्यांची गरज असते. मात्र घटाला प्रतिप्रश्न विचारता येत नाही.

ती सोय जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटरने केली. दोनच वर्षांनी, २००६ साली, आत्महत्याग्रस्त म्हणून केंद्राचे पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ हे संवादयंत्र आले. आरंभी त्याचा विषय पीएम-किसानच्या हप्त्यापुरताच. २०२५ मध्ये राज्याचे ‘महाविस्तार’ ॲप मराठीतून पीकसल्लाही देऊ लागले.

या यंत्रांची पूर्वज ‘एलायझा’. जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीत रचलेल्या या प्रणालीची माहिती १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाचेच वाक्य ती प्रश्न करून परत करी. कळत काहीच नसे, तरी लोक तिच्यापाशी मन मोकळे करीत. त्यामुळे खुद्द कर्ताच अस्वस्थ झाला. त्याची अस्वस्थता रास्तच होती. पण एलायझाची प्रश्न विचारण्याची खोड आपल्याकडे उपयोगाची आहे. जमीन भारी की हलकी, ओल किती खोल, बियाणे घरचे की विकतचे, हे न विचारता पेरणीचा ठाम सल्ला देणारे यंत्र म्हणजे दुसरा घटच. आणि दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी.