एचएमटी ‘जनता’: कारखाना थांबला, काटे चालत राहिले

१/ सन १९६१. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटी या सरकारी कंपनीने बंगळूरमध्ये मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. तिचे ‘जनता’ हे घड्याळ आजही अनेकांच्या मनगटावर चालते. ते इतके का टिकले?

२/ पहिले कारण साधेपणा. तारीख नाही, आपोआप चावी भरण्याची सोय नाही. रोज हाताने चावी द्यायची. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी.

३/ दुसरे, झिजेचा बंदोबस्त. घर्षणाच्या जागी १७ कृत्रिम माणके, धक्क्यापासून बॅलन्स व्हीलचा नाजूक आस वाचवणारी ‘पॅराशॉक’ रचना आणि ताशी १८,००० ठोक्यांची संथ गती.

४/ तिसरे, दुरुस्ती. गल्लीतला घड्याळजी ते उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा चालू करी.

५/ पुढे क्वार्ट्झच्या लाटेत एचएमटी मागे पडली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता बंद पडलेल्या एका ‘जनता’चे सुटे भाग दुसरीला जगवतात.

६/ म्हणून रोजच्या वापराचे यांत्रिक घड्याळ निवडताना अचूकतेआधी एक प्रश्न विचारावा: वीस वर्षांनी हे उघडणारा कारागीर आणि त्याचे सुटे भाग मिळतील का?